एक घन मिलिमीटर

मेंदूच्या एमआरआयमधला सगळ्यात लहान ठोकळा साधारण एक घन मिलिमीटरचा असतो. त्याला व्हॉक्सेल म्हणतात. प्रत्येक व्हॉक्सेलच्या वाट्याला एकच आकडा येतो आणि तो आकडा म्हणजे करड्या रंगाची एक छटा. अशा एक कोटीहून अधिक छटा शेजारी शेजारी बसल्या की पडद्यावर माणसाचा मेंदू उभा राहतो. माझे दिवस या करड्या रंगात जातात. काळं दिसतं ते पाणी, उजळ दिसतात ते तंतूंचे जुडगे आणि त्यांच्या भोवतीचा राखाडी थर पेशींचा. हा थर दोन ते चार मिलिमीटर जाडीचा. बोलणं, ओळखणं, हिशोब, लाज, हट्ट, सगळं त्याच्या आसऱ्याला.

कानशिलाच्या आत, दोन्ही बाजूंना, हिप्पोकॅम्पस नावाचा एक बाकदार भाग असतो. एका बाजूचा तीन-साडेतीन घन सेंटिमीटर, बस्स. नव्या आठवणी तिथून आत शिरतात. त्याची कड कुठे संपते आणि शेजाऱ्याची हद्द कुठे लागते, हे संगणकाला शिकवायचं, त्याचं आकारमान मोजायचं, वर्षाने पुन्हा मोजायचं, हे माझं काम. उतारवयात धडधाकट माणसाचाही हिप्पोकॅम्पस वर्षाला दीडेक टक्क्याने आक्रसतो. अल्झायमरमध्ये ती गती साडेचार टक्क्यांच्या घरात जाते. हिशोब केला तर वर्षभरात दोघांमध्ये फरक पडतो तो एका बाजूला शंभरेक व्हॉक्सेलचा. एका घरात आई चहात दोनदा साखर घालते आणि हसून सोडून देते, दुसऱ्या घरात पुढच्या काही वर्षांत ती स्वतःच्या मुलाला परका समजणार असते. सुरुवातीला दोन्ही घरांतलं अंतर एवढंच, शंभरेक करडे ठोकळे. ते डोळ्याला दिसत नाहीत. यंत्राला दिसू शकतात, म्हणून मी यंत्राच्या मागे लागले.

या एका ठोकळ्यात काय मावतं हे २०२४ मध्ये जगाला कळलं. हार्वर्ड विद्यापीठातले जेफ लिक्टमन आणि गूगलमधले त्यांचे सहकारी यांनी, शस्त्रक्रियेत काढाव्या लागलेल्या मानवी मेंदूच्या जेमतेम एक घन मिलिमीटर तुकड्याचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात सुमारे ५७ हजार पेशी निघाल्या आणि पेशीपेशींमधले सुमारे १५ कोटी सांधे. साठवायला जागा लागली १.४ पेटाबाइट, म्हणजे १४ लाख गिगाबाइट. एकेका पेशीचा धागा गुंत्यातून ओढून वेगळा काढण्याचं काम कृत्रिम बुद्धिमत्तेने केलं, माणसांनी ते तपासलं. तो निबंध वाचल्यावर मी माझ्या पडद्यावरच्या एका व्हॉक्सेलवर बराच वेळ बाण धरून ठेवला होता. माझ्याकडे त्याच्यासाठी एकच आकडा होता.

गावी, चोपड्याला गेले की लोक विचारतात, तू डॉक्टर का इंजिनीअर? दोन्ही नाही आणि दोन्हींच्या मधलं काहीतरी, असं सांगते तेव्हा त्यांचं समाधान होत नाही, आणि ते बरोबरच आहे. या कामाला भौतिकशास्त्र लागतं, कारण चुंबकाच्या पोटात शरीरातल्या पाण्याचा हायड्रोजन कसा डोलतो हे कळल्याशिवाय चित्र कळत नाही. शरीररचना लागते, संख्याशास्त्र लागतं, आणि रात्र रात्र प्रोग्रॅम लिहिण्याची चिकाटी लागते. दोन विद्या एका आयुष्यात घेणारी मोठी माणसं याच वाटेने गेली. डेमिस हसाबिस यांनी संगणकाचे खेळ लिहिणं बाजूला ठेवून लंडनला मेंदूविज्ञानात पीएच.डी. केली. हिप्पोकॅम्पस निकामी झालेल्या माणसांना भूतकाळ तर आठवत नाहीच, पण त्यांना न घडलेला प्रसंग कल्पनेतही नीट रचता येत नाही, हे त्यांनी आणि एलिनॉर मॅग्वायर यांनी २००७ मध्ये दाखवलं. या मॅग्वायर म्हणजे लंडनच्या टॅक्सीवाल्यांचे मेंदू तपासून, शहराच्या गल्ल्या पाठ केल्याने हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग मोठा होतो हे सांगणाऱ्या बाई. २०२५ च्या जानेवारीत त्या गेल्या. हसाबिस पुढे डीपमाइंडचे झाले, २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना विभागून मिळालं. मला मात्र त्यांचा तो जुना शोधच जवळचा वाटतो. आठवण आणि कल्पना एकाच उंबऱ्यावर राहतात, हे आमच्या घरात मी त्याआधी पाहिलं होतं.

यंत्र शिकतं कसं, हे मला पुस्तकाआधी आजोबांनी दाखवलं असं म्हणावं लागेल. ते जिनिंगमध्ये कापसाची प्रत पाहत. पुंजका उचलायचे, दोन्ही अंगठ्यांत धरून हळूच ओढायचे, तुटलेल्या धाग्यांवर नजर टाकायचे आणि प्रत सांगून मोकळे व्हायचे. कसं ओळखलं, असं विचारलं तर त्यांना सांगता यायचं नाही. चाळीस हंगामांचा कापूस त्यांच्या बोटांतून गेला होता, तेच उत्तर. माझं यंत्र तसंच शिकतं. जाणकारांनी हाताने आखलेल्या हिप्पोकॅम्पसच्या कडा त्याच्यापुढे ठेवायच्या, त्याने आपली कड आखायची, चूक किती झाली ते मोजायचं आणि आतले लाखो आकडे किंचित किंचित सरकवायचे. पुन्हा. पुन्हा. १९४३ मध्ये मॅक्युलॉक आणि पिट्स यांनी कागदावर मांडलेला कृत्रिम न्यूरॉन खऱ्या न्यूरॉनकडे बघूनच सुचला होता. मांजराच्या दृष्टिकेंद्रात कुठली पेशी कोणत्या रेघेला दाद देते हे ह्यूबेल आणि वीझेल यांनी शोधलं, त्यावरून जपानच्या फुकुशिमांनी १९८० मध्ये थरांचं जाळं रचलं, आणि आज आम्ही वापरतो ती जाळी त्याच कुळातली. मेंदूकडून उसनी घेतलेली विद्या आज मेंदूच वाचायला बसली आहे, याचं मला रोज नवल वाटतं.

पण आजोबा जो कापूस हाताळत तो तापीकाठचा होता. त्यांना दुसरीकडचा कापूस दिला असता तर बोटं अडली असती. यंत्राचंही तेच. या एका गोष्टीने माझी झोप उडवली आहे, आणि तिच्यामागे माझी आजी आहे.

आजी शाळेत गेली नव्हती. घरात अहिराणी, आमच्या अभ्यासापुरती मराठी, शेजारच्या गुजर बायकांशी त्यांच्या बोलीत, बाजारात हिंदी, आणि केळीच्या कामाला सातपुड्यातून उतरून येणाऱ्या पावरा मजुरांशी पावरी. कुठली भाषा कुठे संपली आणि कुठे दुसरी लागली याचा तिला पत्ताच नसायचा. सत्तरी ओलांडल्यावर तिच्या बोलण्यात फटी पडायला लागल्या. आधी डब्यांच्या जागा गेल्या, मग वार, मग माणसांची नावं. हिंदी गेली, मराठी विरली, अहिराणी शेवटपर्यंत उरली. एका सुट्टीत मी घरी गेले तर तिने मला ओट्यावर बसवून घेतलं आणि विचारलं, ‘‘तू कोनी पोर शे व?’’ खान्देशात हा प्रश्न वाटेवरच्या कुठल्याही पोरीला विचारतात, त्यात दुरावा नसतो. मी म्हटलं, ‘‘तुना पोऱ्यानी पोर.’’ ती खूश झाली. माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, त्याला एवढी मोठी पोरगी आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. मग तिने माझ्या लग्नाची एक गोष्ट रचून सांगितली, वऱ्हाड धरणगावचं, पाऊस, अडकलेली बैलगाडी. त्यातलं काहीही घडलेलं नव्हतं. हसाबिस-मॅग्वायर यांच्या रुग्णांना प्रसंग रचता येत नव्हता. आजी रचत होती, पण फाटक्या आठवणींचे तुकडे जोडून. पुढे हा विषय शिकले तेव्हा कळलं की दोन्हींची कारणं वेगळी आहेत, आणि तरीही दोन्हीकडे मोडलेला उंबरा तोच.

तिचा सीटी स्कॅन जळगावला झाला. चोपड्याहून अडावद, धानोरा करत, विदगावच्या पुलावरून तापी ओलांडून जायचं. पन्नासच्या वर किलोमीटर. अहवालात एक ओळ होती, वयोमानानुसार मेंदू आक्रसल्याची. ती ओळ चुकीची नव्हती. पण वयोमानानुसार म्हणजे कुणाच्या वयोमानानुसार, हे मला तेव्हापासून विचारायचं आहे.

मेंदूचे नकाशे कसे झाले ते पाहिलं की हा प्रश्न गंभीर होतो. अनेक वर्षं जगभरचे संशोधक ज्या नकाशावर आपली मोजमापं टाकत आले, तो १९८८ चा तालैराख नकाशा फ्रान्समधल्या एका साठ वर्षांच्या मृत बाईच्या मेंदूवरून केलेला होता. पुढे कॅनडातल्या माँट्रियलला शेकडो माणसांच्या एमआरआयची सरासरी काढून नवा साचा केला गेला. तो आज कुठल्याही प्रयोगशाळेत सापडतो. अल्झायमर ओळखायला यंत्रांना शिकवलं जातं ते बहुतेक २००४ पासून अमेरिका आणि कॅनडात जमवलेल्या एका मोठ्या संग्रहावर. २०१९ मध्ये हैदराबादच्या ट्रिपल-आयटीत जयंती शिवस्वामी यांच्या गटाने ५० स्त्रिया आणि ५० पुरुष यांच्या एमआरआयवरून भारतीय मेंदूचा नकाशा मांडला, आणि सरासरीने आपला मेंदू उंची, रुंदी आणि आकारमान या तिन्हींत पाश्चात्त्य नकाशापेक्षा लहान भरला. यात कमीपणाचं काहीच नाही. आकाराचा आणि अकलेचा संबंध इतका सरळ नसतो. पण परक्या साच्यात बसवलेला आपला मेंदू यंत्राला जरासा आक्रसलेला दिसू शकतो, आणि शंभर व्हॉक्सेलवर निकाल ठरणार असेल तेव्हा ‘जरासा’ हा शब्द फार जड होतो. २०२० मध्ये बंगळुरूच्या निम्हान्सने वेगवेगळ्या वयोगटांसाठी भारतीय साचे तयार केले. ते अतिशय मोलाचं काम आहे. त्यांचा वयोगट ६ ते ६० वर्षांचा आहे. आजीचा आजार साठीनंतरचा.

आणि मेंदूच्या आकारावरून सगळं कळतं असंही नाही, याची खूण सुवर्णा अल्लाडी यांच्या हैदराबादमधल्या कामात दिसते. २०१३ मध्ये त्यांनी ६४८ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला होता. कधीच शाळेत न गेलेल्यांमध्येही हा फरक दिसला, आणि तो तर सहा वर्षांचा होता. म्हणजे ही शाळेची पुण्याई नव्हती. मी तो निबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे बाजाराच्या दिवशी टोपलीमागे बसलेल्या, एका दमात तीन बोलींत भाव करणाऱ्या बायका आल्या. ज्याला आपण अडाणीपण म्हणत आलो, त्याच्या आत मेंदूने एवढी शिदोरी बांधून ठेवली होती. आजी त्या पाच बोलींच्या आधाराने कदाचित काही वर्षं जास्त आमची राहिली. हे सिद्ध करता येणार नाही. पण तिच्यासारख्या हजारजणींचे मेंदू पाहिले तर सांगता येईल.

शेवटच्या श्रावणात घरात कानबाई देवी बसली तेव्हा आजीला घरातलं एकही नाव आठवत नव्हतं. बायका गाणी म्हणायला लागल्या आणि तिने सूर धरला. शब्द एक इकडचा तिकडे झाला नाही. जिथे दुसऱ्या बायका अडखळल्या तिथे तिने पुढची ओळ दिली. २०१५ मध्ये लाइपझिगच्या संशोधकांनी लिहिलं होतं की जुनी ओळखीची गाणी मेंदूच्या ज्या भागांत जपली जातात, त्यांना अल्झायमर उशिरा गाठतो. मला ते माहीत होतं आणि तरी मी रडले.

भारतात साठीपुढच्या माणसांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेलं देशव्यापी पाहणीचं अनुमान सांगतं. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या मेंदूचं चित्र कधीच काढलं जाणार नाही. एमआरआय महाग, शहर लांब, आणि घरच्यांची समजूत की म्हातारपणी असंच व्हायचं. म्हणून जे जवळ आहे त्यातून यंत्राने काय काढता येईल, हा रस्ता मला खरा वाटतो. मुंबईच्या क्यूर डॉट एआयने हेच केलं. भारतातल्या सुमारे २० केंद्रांमधून जमलेल्या ३,१३,३१८ डोक्याच्या सीटी स्कॅनवर त्यांनी यंत्र घडवलं, रक्तस्राव आणि कवटीचं फ्रॅक्चर ओळखायला शिकवलं आणि २०१८ मध्ये लॅन्सेटमध्ये छापलं. वर ४९१ स्कॅनचा एक संच जगातल्या कुणालाही तपासायला मोकळा ठेवला. सीटी हे यंत्र तालुक्याच्या माणसाला त्यातल्या त्यात आवाक्यातलं आहे. पक्षाघातात मिनिटाला सुमारे १९ लाख न्यूरॉन मरतात आणि १२ किलोमीटर तंतू नष्ट होतात, असा जेफ्री सेव्हर यांचा २००६ चा हिशोब आहे. चोपडा ते जळगाव रस्त्यावर हा आकडा डोक्यात घेऊन प्रवास करून बघावा. रेडिओलॉजिस्ट उठून संगणकापर्यंत यायच्या आत कुणीतरी स्कॅनवर बोट ठेवून ‘इथे पाहा’ म्हणणार असेल, तर ते बोट यंत्राचं का असेना.

आणि हे काम करायला बोस्टनलाच जन्म घ्यावा लागतो असं नाही. नांदेडच्या विष्णुपुरीत श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्थेत पीएच.डी. केलेले उज्ज्वल बैद पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेले. मेंदूतल्या गाठींच्या कडा यंत्राने आखण्याची जी जागतिक स्पर्धा २०१२ पासून चालते, तिच्या २०२१ च्या निबंधावर पहिलं नाव त्यांचं आहे. २,०४० रुग्ण, प्रत्येकाचे चार प्रकारचे एमआरआय, मिळून ८,१६० चित्रं. मी विद्यार्थिनी असताना या क्षेत्रातल्या निबंधांवरची नावं वाचत जायचे. नांदेडचं नाव सापडलं त्या दिवशी मी वडिलांना फोन केला होता.

या कामावर शंका घेणारा आवाजही माझ्या गावाजवळच आहे. चोपड्यातून दक्षिणेला तापी ओलांडली की अमळनेर. तिथे १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर आहे, प्रताप शेठजींनी उभं केलेलं. साने गुरुजी तिथे शिकले. कृष्णचंद्र भट्टाचार्य यांचं ‘द सब्जेक्ट अ‍ॅज फ्रीडम’ हे पुस्तक १९३० मध्ये याच अमळनेरहून प्रकाशित झालं. जाणणारा जो कुणी आत असतो, तो इतर वस्तूंसारखी एक वस्तू म्हणून कधीच हाती लागत नाही, असा त्या पुस्तकाचा रोख आहे. मी ते सावकाश वाचते आहे, माझ्या धंद्याच्या विरोधात उभा असलेला एक प्रामाणिक शेजारी म्हणून. कारण माझ्या विद्येचा सगळा भर वस्तूवर आहे. २०२३ मध्ये ऑस्टिनच्या जेरी टँग आणि अलेक्झांडर ह्यूथ यांनी एमआरआयच्या खुणांवरून माणूस ऐकत असलेल्या गोष्टीचा आशय यंत्राकडून लिहवून घेतला. त्यासाठी प्रत्येकाला यंत्रात पडून तासन्‌तास गोष्टी ऐकाव्या लागल्या. एकावर शिकवलेलं यंत्र दुसऱ्यावर चाललं नाही. आणि माणसाने मनात मुद्दाम दुसरंच काही सुरू केलं की यंत्र भरकटलं. बातम्यांमध्ये हे मन वाचणारं यंत्र म्हणून आलं. मला त्यातला तो नकारच सगळ्यात मोठा निष्कर्ष वाटतो. माणूस नको म्हणाला तर दार उघडत नाही. हे असंच राहावं यासाठी कायदा आधी व्हायला हवा, यंत्र नंतर.

माझी एक इच्छा आहे आणि ती मी आता लपवत नाही. कर्नाटकात कोलार जिल्ह्यात श्रीनिवासपूर तालुक्यात भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातलं सेंटर फॉर ब्रेन रिसर्च पंचेचाळिशीपुढच्या दहा हजार खेडूत माणसांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करण्याचं काम करतं आहे. रक्त, स्मरणशक्ती, मेंदूचं चित्रण, सगळं. आंब्यासाठी प्रसिद्ध असलेल्या एका तालुक्याला हे जमतं, तर केळी-कापसाच्या तालुक्याला का जमू नये? तापी ते सातपुडा एवढ्या पट्ट्यात अहिराणी, गुजरी, तडवी, पावरी, मराठी, हिंदी एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून चालतात. भाषा आणि स्मृती यांचं नातं समजून घ्यायला याहून चांगली जागा मला ठाऊक नाही. अडचणी उघड आहेत. एमआरआय लांब आहे. स्मरणशक्तीच्या चाचण्या शिकलेल्यांसाठी बेतलेल्या असतात. हरियाणात बल्लभगढला मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये निरक्षरांसाठी हिंदी चाचणी तयार केली, तसं कुणीतरी अहिराणीत आणि पावरीत बसून करायला हवं. संमतीपत्र वाचून दाखवायचं तेही त्याच भाषेत, नाहीतर ती संमती नव्हेच. आणि चित्र काढून झाल्यावर त्या माणसाला त्याचा मेंदू दाखवायला हवा. हा माझा हट्ट आहे. ज्याचं आहे त्याने आधी पाहावं.

परवा फोनवर आईला हे सगळं सांगत होते. पैसे कोण देणार, परवानगी किती वर्षांनी मिळणार, यातलं तिने काहीच विचारलं नाही. यंत्रात बांगड्या काढाव्या लागतात का, एवढं विचारलं. हो म्हटल्यावर जरा थांबली आणि नावंच सांगायला लागली: लासूरची आत्या, तिला कानबाईची सगळी गाणी येतात, अडावदच्या शाळेतले जुने शिपाईमामा, वैजापूरकडचा तो पावरा म्हातारा, तो तर चार भाषा बोलतो आणि त्याला नातवंडांचे वाढदिवससुद्धा पाठ आहेत, त्याला आधी घे, आणि तिची मैत्रीण, जी हल्ली गॅस बंद करायला विसरते आणि कुणाला सांगत नाही. मी कागद पेन घेतलं आणि लिहायला लागले.